फिरते लाकूड, स्थिर हात

'कातीव' हा शब्द आपल्या भाषेत स्तुतीचा आहे. खांब सुरेख असला तर आपण त्यास कातीव खांब म्हणतो. एखाद्याची शरीरयष्टी रेखीव असली तर त्याचा बांधा कातीव आहे असे म्हणतो. परंतु हा शब्द ज्याच्या हातांतून जन्मास आला तो कातारी, म्हणजे लाकूड फिरते ठेवून पटाशीने त्यास गोल आकार देणारा कारागीर, आपल्या मुलांपैकी कितीजणांस ठाऊक आहे? नववीच्या वर्गात आम्ही एकदा सहज विचारले की, तुमच्या घरचे लाटणे कसे तयार होते. बहुतेकांनी उत्तर दिले, "यंत्रात." उत्तर चूक नव्हे, परंतु त्या यंत्रापाशी उभा असलेला मनुष्य त्या उत्तरातून पार नाहीसा झाला होता. ज्या वस्तूवाचून घरात एक दिवस पोळी होत नाही, तिचा कर्ता मुलांच्या कल्पनेतही उरलेला नाही, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटली.

सूत कातणे व लाकूड कातणे या दोन्ही क्रियांस मराठीने एकच क्रियापद दिले आहे. त्यांपैकी सूत कातणाऱ्या हातास स्वातंत्र्याच्या चळवळीत राष्ट्राने मोठा मान दिला. लाकूड कातणारा हात मात्र बोळातल्या दुकानात, भुशाच्या ढिगात, अनामिकच राहिला. अशा वेळी गंगापूर रोडवरील सुशिक्षित कुटुंबांनी आपल्या घरी लहानसा लेथ आणून लाकूडकामाचा हा छंद जोपासावा, अशी सूचना आम्ही या लेखात करणार आहो. ही सूचना केवळ रिकामा वेळ घालविण्याचे साधन म्हणून आम्ही करीत नाही. बुद्धीचे काम एकाचे व हाताचे काम दुसऱ्याचे, अशी जी वाटणी आपल्या समाजाने फार पूर्वी करून ठेवली व जी आपण अद्याप निमूटपणे चालवीत आहो, ती निदान आपल्या उंबरठ्याच्या आत मोडण्याचा हा एक मार्ग आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम ही विद्या काय आहे ते पाहू. लेथची रचना सोपी असते. लाकडाचा दांडा दोन टोकांच्या मध्ये आडवा धरलेला असतो. एका टोकाकडून मोटर त्यास फिरविते. दुसरे टोक त्यास केवळ आधार देते. समोर लोखंडी टेकण असते. त्यावर पटाशी ठेवून तिची धार फिरत्या लाकडास हलकेच लावली की लाकडाची साल रिबिनीसारखी निघू लागते. सुताराच्या इतर कामांत लाकूड स्थिर असते व हत्यार चालते. येथे लाकूड धावते आणि हात स्थिर ठेवावा लागतो. सगळी विद्या या एका उलटापालटीत आहे. लाटणे, रवी, भोवरा, कुंकवाचा करंडा, पाळण्यावरचा खुळखुळा, बुद्धिबळाच्या पटावरील प्यादी, पलंगाचे खूर, जिन्याच्या कठड्याचे दांडे, या सर्वांची जननी हीच.

ही कला नवी नव्हे. इजिप्तमध्ये पेटोसिरिस नामक पुरोहिताचे थडगे आहे. ते इसवी सनापूर्वी सुमारे ३०० या काळातले. त्यातील एका उठावचित्रात एक मनुष्य दोरीने दांडा फिरवीत आहे व दुसरा त्यावर हत्यार धरून बसला आहे. आपल्या देशातील जुना कातारी तर जमिनीवर बसून एका हाताने कमान मागेपुढे ओढी आणि दुसरा हात व पायाची बोटे यांच्या साहाय्याने पटाशी स्थिर राखी. कमानीवरचे लाकूड एकदा पुढे व एकदा मागे फिरते. त्यामुळे पटाशी कापते ती एकाच फेरीत, दुसऱ्या फेरीत तिला नुसते थांबावे लागते. या थांबण्यातही किती संयम आहे, हे ज्याने करून पाहिले त्यासच कळेल.

आपल्या महाराष्ट्रात या कलेचे माहेर सावंतवाडी होय. तेथील चितार आळीत लाकडी फळे व खेळणी आजही होतात. सीमेपलीकडे गोव्यात कुंकळ्ळीचे चितारी, बेळगाव जिल्ह्यात गोकाकचे कारागीर आणि आणखी दक्षिणेस म्हैसूरच्या वाटेवरील चन्नपट्टण येथील कारागीर, हे सर्व या एकाच कुळातले. चन्नपट्टणची रीत तर मुलांनी मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाने उष्णता उत्पन्न होते, त्या उष्णतेने लाख वितळते व लाकडावर सारखी पसरते. मग त्यावर केवड्याच्या जातीचे पान दाबले की आरशासारखी झिलई येते. येथे ना कुंचला, ना भट्टी. घर्षणाने उष्णता निर्माण होते हे वाक्य आमचे विद्यार्थी परीक्षेत बिनचूक लिहितात. त्या वाक्यावर कित्येक कुटुंबांची चूल पेटते, हे मात्र त्यांस कोणी सांगत नाही.

सावंतवाडीचीच आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. तेथील लाखकाम व गंजिफा रंगविण्याची कला गेल्या शतकाच्या मध्यास विझत चालली होती. त्या वेळी तेथील राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चितारी कारागिरापाशी बसून गंजिफा रंगविण्याची विद्या स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांस कामास जागा दिली. राणीसाहेब २०१८ साली निवर्तल्या. कला मात्र जिवंत आहे. नुसत्या देणगीने ती जगली असती की नाही याविषयी आम्हांस शंका वाटते. राजवाड्यातील मनुष्य कारागिरापुढे शिष्य म्हणून बसला, हे त्या कलेस अधिक मानवले असावे.

आता हा छंद मुलांस काय शिकवितो ते पाहू. एक साधे गणित घ्या. लेथ मिनिटास २,००० फेरे घेत आहे. त्यावर २ सेंटिमीटर व्यासाची कांडी लाविली, तर तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे साडेसात किलोमीटर होतो. म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. आता त्याच लेथवर, त्याच फेऱ्यांवर, २० सेंटिमीटर व्यासाचे वाडग्याचे लाकूड चढविले, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे पंचाहत्तर किलोमीटर होईल. महामार्गावरून धावणाऱ्या मोटारीचा हा वेग! एवढ्या वेगाने फिरणारे लाकूड तडकलेले असले व सुटले, तर काय होईल ते सांगावयास नको. म्हणून मोठे लाकूड मिनिटास पाचएकशे फेऱ्यांपासून आरंभावे, असा अनुभवी लोकांचा परिपाठ आहे. तेव्हा कडेचा वेग ताशी एकोणीस किलोमीटरच्या आत राहतो. परिघाचे सूत्र विद्यार्थी सातवी-आठवीत पाठ करतो. ते सूत्र चुकले तर वहीवर एक गुण जातो. लेथवर मात्र त्याची किंमत निराळी असते. ज्ञानास जबाबदारीची जोड मिळते ती अशी.

दुसरी शिकवण लाकूड स्वतःच देते. ओले लाकूड कातून ठेवले तर ते वाळताना आखडते व तडकते. म्हणून ओंडक्याच्या टोकांस मेण लावून त्यास सावलीत ठेवावे लागते, आणि जाडीच्या दर इंचास सुमारे एक वर्ष असा जुना आडाखा आहे. ज्या मुलास बटण दाबताच सर्व काही पुढ्यात यावे अशी सवय लागली आहे, त्याने स्वतः एक ओंडका तारीख लिहून कोपऱ्यात ठेवावा व दोन वर्षांनी त्याचे करंडे करावे, याहून उत्तम धैर्याचा पाठ आम्हांस सुचत नाही. तिसरी शिकवण अशी की, येथे खोडरबर नाही. एक साल अधिक निघाली की ती परत चिकटविता येत नाही. आकार बदलून नवा विचार करावा लागतो. मोठ्या लाटण्याचे लहान लाटणे होते, लहान लाटण्याची रवीची दांडी होते, आणि शेवटी भोवरा तरी हाती लागतो. चूक झाल्यावर रडत न बसता उरलेल्या लाकडातून काय निघेल ते पाहणे, ही सवय आयुष्यात फार उपयोगी पडते. आणि चौथी शिकवण ही की, लाकूड कोणाची भीड धरीत नाही. वडील मोठे अधिकारी असोत की आई नामांकित डॉक्टर असो, पटाशी बोथट असेल तर लाकूड खरबरीतच निघणार.

येथवर जे लिहिले त्यास फारसा विरोध होणार नाही. खरा प्रश्न पुढेच आहे, आणि तो समजण्यासाठी आपल्या वस्तीच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

गंगापूर रोडच्या जवळच शरणपूर आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या-सहाव्या दशकांच्या सुमारास ही वस्ती वसविली. पुढे अरबी समुद्रात गुलामांच्या व्यापाऱ्यांची गलबते इंग्रजी आरमाराने पकडली, तेव्हा त्यांतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांपैकी कित्येकांस मुंबईहून येथे आणण्यात आले. आईबापांपासून तोडलेली, आपले गाव कोठे हेही नीट सांगू न शकणारी ती मुले गोदावरीच्या काठी वाढली. त्यांस वाचन, लेखन, गणित शिकविले जाई. आणि त्याबरोबर सुतारकाम व लोहारकामही शिकविले जाई. त्यांपैकी काही तरुणांस डॉ. लिव्हिंग्स्टन यांनी १८६५ साली आपल्या अखेरच्या आफ्रिकाप्रवासासाठी निवडून घेतले. पुढे जेकब वेनराइट नावाचा येथेच शिकलेला दुसरा एक तरुण त्यांच्या मदतीस पाठविलेल्या तुकडीतून तेथे गेला. १ मे १८७३ च्या सुमारास चितांबो गावी, म्हणजे हल्लीच्या झांबिया देशात, लिव्हिंग्स्टन वारले. तेव्हा त्यांच्या अंत्यविधीची प्रार्थना याच जेकबने वाचली, आणि ज्या झाडाखाली त्यांचे हृदय पुरण्यात आले त्या झाडाच्या खोडावर त्यांचे नाव व तारीखही याच जेकबने कोरली. मग सोबत्यांनी तो देह सुमारे हजार मैल वाहून समुद्रकिनाऱ्यास आणला. १८७४ च्या एप्रिलात लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झाले, तेव्हाही जेकब तेथे उपस्थित होता.

ग्रंथ वाचू शकणारा व लाकडावर अक्षरे कोरू शकणारा असा तो एकच मनुष्य होता. त्या दिवशी त्या अरण्यात नुसता पंडित असता तर प्रार्थना वाचली गेली असती, पण खूण राहिली नसती. नुसता कारागीर असता तर खूण राहिली असती, पण ती कोणाची हे कोणास कळले नसते. शरणपूरच्या शिक्षणाचे मर्म आम्हांस या एका प्रसंगात दिसते.

परंतु येथे एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. अनाथांस, गरिबांस व दलितांस हत्यार द्यावयाचे आणि सुखवस्तू कुटुंबांतील मुलांस ग्रंथ, अशी वाटणी त्या काळी सर्वत्र होती. मिशनच्या उद्योगशाळाही तिच्यापासून अगदी मुक्त होत्या असे म्हणता येत नाही. ज्यास दुसरा मार्गच नाही त्याने रंधा धरावा, ही समजूत तेव्हापासून आजतागायत चालत आली. म्हणूनच वर्गात मागे पडणाऱ्या मुलास आपण म्हणतो, "अभ्यास कर, नाही तर हातात पटाशी घ्यावी लागेल." हे वाक्य उच्चारताना एका वाक्यात आपण दोन अन्याय करतो: मुलावर एक व पटाशीवर दुसरा. तसेच युरोपात लेथ हा बड्या लोकांचाही छंद होता, हे येथे सांगितले पाहिजे. रशियाचा सम्राट पहिला पीटर हा स्वतः लाकूड व हस्तिदंत कातीत असे व त्याने कातलेल्या वस्तू सेंट पीटर्सबर्ग येथे अद्याप जतन केलेल्या आहेत. लंडनच्या होल्टझाफेल या पेढीचे लेथ एकोणिसाव्या शतकात उमरावांच्या वाड्यांतून असत. तेच हत्यार, तेच लाकूड. परंतु एकास ते नशिबाने लावलेले ओझे आणि दुसऱ्यास आवडीने घेतलेला आनंद! आमचे म्हणणे एवढेच की, या दोहोंतील भिंत पडली पाहिजे. वर्गात पहिला येणाऱ्याच्या हातीही पटाशी यावी, आणि पटाशी चालविणाऱ्याच्या घरीही ग्रंथ यावा.

हा विचार आमचाच आहे असे नव्हे. फिनलंडने १८६६ सालीच शाळांतून हस्तकाम आवश्यक केले, आणि शेजारच्या स्वीडनात ऑटो सालोमन यांनी नेस येथे शिक्षकांस लाकूडकाम शिकविण्याचे विद्यालय चालविले. सुतार निर्माण करणे हा त्यांचा हेतू नव्हता; मनुष्याचे हात, डोळे व चित्त यांस एकत्र आणणे हा होता. आपल्याकडे १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे महात्मा गांधींनी बोलाविलेल्या परिषदेत उद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची योजना पुढे आली. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांपाशी शिकावे, अशी सूचना आहे. धोरणे आली व गेली. परंतु घरातील मत बदलल्यावाचून शाळेतील धोरण रुजत नाही, हा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. म्हणून आम्ही हे पालकांस उद्देशून लिहीत आहो.

पालकांच्या शंका आम्हांस ठाऊक आहेत. पहिली शंका वेळेची. अशोक स्तंभापासून पश्चिमेस निघालो तर गंगापूर रोडच्या दोन्ही अंगांस शिकवणीवर्गांच्या पाट्या दिसतात. सकाळी शाळा, दुपारी एक वर्ग, सायंकाळी दुसरा वर्ग; यात लेथ कोठे बसावा? यावर आमचे उत्तर असे की, आठवड्यातून रविवारचे दोन तास पुरेत. दोन तास ज्या मुलाचे लक्ष एका धारेवर टिकते, त्याचे लक्ष ग्रंथावरही टिकते. परंतु आम्ही या लाभाच्या आमिषाने हा छंद विकू इच्छीत नाही. प्रत्येक गोष्ट गुणपत्रिकेच्या दारातूनच आत यावी, हा हट्ट पालकांनी एका तरी बाबतीत सोडावा.

दुसरी शंका खर्चाची व जागेची. घरगुती कामास पुरेसा लहान लेथ चांगल्या मोबाइल फोनच्या किमतीच्या आसपास मिळतो. आणि फोनापेक्षा तो पुष्कळ अधिक वर्षे टिकतो. सदनिकांतून धूळ व आवाज होतो हे खरे. यासाठी चार कुटुंबांनी मिळून एक लेथ घ्यावा, सोसायटीच्या तळमजल्यावर एखादी खोली मागावी, वेळ ठरवून घ्यावी व दुपारच्या विश्रांतीच्या वेळी तो बंद ठेवावा. एकत्र घेतल्याने आणखी एक लाभ होतो: मुले एकमेकांचे काम पाहतात, आणि चढाओढ वस्तूच्या गुणाची राहते, किमतीची राहत नाही.

तिसरी शंका धोक्याची, आणि ती रास्त आहे. लेथ हे खेळणे नव्हे. त्याजवळ उभे राहताना सैल बाह्या, ओढणी, गळ्यातील साखळी व मनगटावरील दोरा काढून ठेवावा. लांब केस घट्ट बांधावे. हातमोजे घालू नयेत, कारण त्यांचा धागा अडकला की हात ओढला जातो. तोंडावर पारदर्शक ढाल असावी. शिसव, साग इत्यादी लाकडांच्या भुशाने कित्येकांच्या कातडीस व श्वासास त्रास होतो. म्हणून नाकावर चांगला मुखवटा असावा. टेकण लाकडाजवळ असावे, आणि ते सरकविण्यापूर्वी लेथ पूर्ण थांबवावा. चौदा वर्षांखालील मुलास लेथजवळ कधीही एकटे सोडू नये. या नियमांत सवलत नाही. परंतु धोका आहे म्हणून हत्यारच नको, असे म्हणणाऱ्या घरातील स्वयंपाकघरात विळी व शेगडी आहेत, आणि दारात दुचाकी आहे. धोक्यापासून पळणे व धोका ओळखून वागणे या दोन गोष्टी भिन्न आहेत; दुसरी शिकविणे हेच पालकाचे काम.

हा छंद केवळ मुलग्यांचा आहे अशी कोणी समजूत करून घेऊ नये. येथे बळापेक्षा धार व सबुरी यांचे काम अधिक आहे. आणि लाटणे चांगले झाले की नाही याचा निवाडा शेवटी पोळपाटाशीच व्हावयाचा आहे. म्हणून घरातील पुरुषांनी ते कातावे, आणि जमल्यास त्यांनीच त्याने पोळीही लाटून पाहावी. मग मधला फुगीरपणा किती असावा हे त्यांस कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा छंद पुस्तकावरून किंवा पडद्यावरील चित्रफितीवरून काही अंशी शिकता येतो. परंतु धार लाकडास कशी टेकवावी, पटाशीच्या पाठीचा उतार प्रथम लाकडावर घासू देऊन मग मूठ हळूहळू वर कशी उचलावी, हे शिकण्यास जवळ उभा असलेला जाणता मनुष्यच हवा. नाशिकात फर्निचरची कामे करणाऱ्या दुकानांतून लेथवर काम करणारे मिस्त्री आहेत. त्यांस गुरू करावे, आणि गुरूस जे द्यावयाचे ते सर्व द्यावे. शिकवणीवर्गाच्या शिक्षकास आपण तासाचे पैसे बिनतक्रार मोजतो. मिस्त्रीने त्याच्या निम्मे मागितले तरी घासाघीस करतो. वर्गातल्या शिक्षकास आपली मुले 'सर' म्हणतात. वडिलांच्या वयाच्या मिस्त्रीस मात्र तीच मुले, आपल्यादेखत, 'ए मिस्त्री' म्हणून हाक मारतात, आणि आपणांस त्यात काही खटकत नाही. घरी लेथ आणण्यापूर्वी ही हाक बदलावी. 'मिस्त्रीकाका' म्हणा, 'उस्ताद' म्हणा, त्यांस जे रुचेल ते म्हणा. परंतु अहोजाहो करा, बसावयास खुर्ची द्या, आणि चहा घरातल्या पाहुण्यांच्याच कपातून द्या. ज्या मुलाने स्वतः चार लाटणी बिघडविली आहेत, तो पाचवे लाटणे बिनचूक करणाऱ्या हातापुढे आपोआप नम्र होतो. आमच्या मते या छंदाचे हे सर्वांत मोठे फळ आहे. झिलई व आकार हे त्यामागून येतात.

याच कारणास्तव आणखी एक पथ्य सांगतो. चार करंडे बरे जमले की ते प्रदर्शनात मांडून स्वस्तात विकण्याचा मोह होतो. ज्याचा चरितार्थ दुसऱ्या व्यवसायावर चालतो त्याने हौसेच्या वस्तू मजुरी न धरता विकल्या, तर ज्याचा चरितार्थ याच कामावर आहे त्याच्या भाकरीस धक्का बसतो. हौशी माणसाने आपल्या वस्तू भेट द्याव्या. विकावयाच्याच असतील तर कारागिराच्या दराहून कमी दराने विकू नयेत.

आरंभ कसा करावा, हेही थोडक्यात लिहितो. लाकडासाठी झाडावर कुऱ्हाड चालवू नये. शहरातील झाड तोडण्यास १९७५ च्या महाराष्ट्र राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि गंगापूर रोडच्या जुन्या झाडांची सावली आपल्या कोणत्याही करंड्यापेक्षा मोलाची आहे. लाकडाच्या वखारीत व फर्निचरच्या दुकानांत उरलेले तुकडे मिळतात. आंबा, बाभूळ, शिसव, फणस यांचे वाळलेले तुकडे नवशिक्यास पुरेसे आहेत. गाठ असलेला, तडकलेला किंवा खिळा रुतलेला तुकडा घेऊ नये. प्रथम चौकोनी तुकडा नुसता गोल करावयास शिकावे; दहा तुकडे गोल होईपर्यंत दुसरे काही करू नये. मग लाटणे, मग भोवरा, मग झाकणाचा करंडा. वाडगा सर्वांत शेवटी, कारण त्याची हत्यारे व रीत दोन्ही निराळी. कांडी गोल करण्याची जाड पटाशी वाडग्यावर चालविणे धोक्याचे असते, हे गुरूकडून आधीच समजून घ्यावे. धार लावण्यास जेवढा वेळ लागेल तेवढा द्यावा. निम्मी विद्या सहाणेवरच आहे.

विद्यार्थीमित्रहो, शेवटी तुमच्याशी दोन शब्द. तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी डॉक्टर, कोणी शेतकरी, कोणी शिक्षक. कोणी कातारी झाला तर आम्हांस त्याचा तितकाच अभिमान वाटेल. तुम्ही पहिला भोवरा काताल, तेव्हा त्यास आर ठोका, जाळी गुंडाळा व अंगणात फेकून पाहा. आर मधोमध बसली असेल आणि भोवरा चहूबाजूंनी सारखा असेल, तर तो एका जागी स्थिर राहून गुणगुणेल. बाजू उणीअधिक असेल तर तो थरथरत, वेडावाकडा जाऊन पडेल. त्यास कोणी गुण देणार नाही, कोणी कापणार नाही. तो पडला तर उचलून पुन्हा लेथवर चढवा, आणि मिस्त्रीकाकांस विचारा, कोठे उणे पडले?